अ‍ॅक्रोमेगली: पिट्यूटरीला कधी दाबून बघायचं, कधी चेतवून

डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं आपल्या धाकट्या भावाबद्दल विचारलं आहे. भावाचं वय ४१. अ‍ॅक्रोमेगलीसाठी पाच महिन्यांपूर्वी नाकावाटे पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) शस्त्रक्रिया झाली, ग्रोथ हार्मोन बेसुमार वाढवून हात, पाय, चेहरा मोठा करणारी तिथली गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी होती. आता आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत बनवतं ते हार्मोन) त्याच्या वयाच्या वरच्या मर्यादेच्या सव्वापट आहे. मधुमेह आहे, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.४. शस्त्रक्रियेपासून कॉर्टिसोलची जागा भरणारी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम चालू आहे. डॉक्टरांनी दोन चाचण्या लिहून दिल्या आहेत: ग्लुकोज पाजून ग्रोथ हार्मोन, आणि इंजेक्शन देऊन कॉर्टिसोल (आजारपण आणि ताण सोसायला लागणारं हार्मोन). बाईंना चार गोष्टी कळत नाहीत. हार्मोन आधीच जास्त आहे तर उत्तेजन देणारं इंजेक्शन कशाला, त्यानं उरलीसुरली गाठ वाढेल का? मधुमेह्याला एवढं ग्लुकोज पाजणं बरं का? टीआरएच (थायरॉइडची साखळी चेतवणारं मेंदूतलं हार्मोन) देऊन ग्रोथ हार्मोन बघण्याची चाचणी त्यांच्या वाचनात आली, ती का सांगितली नाही? आणि भावाला आता बरं वाटतंय, गोळी बंद करतो म्हणतो, करू द्यावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. गोळी बंद करू देऊ नका. एक दिवसही नाही. ती सुटणार की आयुष्यभर लागणार हे ठरवण्यासाठीच ती इंजेक्शनची चाचणी आहे. चाचणीच्या सकाळी ती कधी घ्यायची हे खाली लिहितो.

आता मूळ गोंधळाकडे येऊ. पिट्यूटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी एकाच वेळी अनेक हार्मोन्स बनवते. ग्रोथ हार्मोन वेगळ्या पेशी बनवतात, अ‍ॅड्रिनलला (मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल बनवणाऱ्या ग्रंथीला) हुकूम देणारं एसीटीएच वेगळ्या, थायरॉइडला चालवणारं टीएसएच वेगळ्या, वृषण किंवा अंडाशयाला चालवणारी एलएच-एफएसएच आणखी वेगळ्या. अ‍ॅक्रोमेगलीत यातल्या एकाच प्रकारच्या पेशींची गाठ होते आणि ती बेसुमार ग्रोथ हार्मोन सोडते. गाठ मोठी असली की शेजारच्या निरोगी पेशी दाबल्या जातात, आणि शस्त्रक्रियेतही त्यांना थोडाफार धक्का बसू शकतो. त्यामुळे एकाच ग्रंथीत एक हार्मोन जास्त आणि दुसरं कमी, अशी स्थिती तुमच्या भावासारख्या रुग्णात अगदी नेहमी दिसते. जे जास्त आहे असा संशय असतो, ते दाबायचा प्रयत्न करून बघतात: दबत नसेल तर ग्रंथी ताब्याबाहेर आहे. जे कमी आहे असा संशय असतो, ते चेतवून बघतात: चेतत नसेल तर ताकद उरलेली नाही. तुमच्या भावाला सांगितलेली पहिली चाचणी दाबण्याची आहे, दुसरी चेतवण्याची. दोन्ही वेगवेगळ्या हार्मोनसाठी आहेत, म्हणून त्यांच्यात विसंगती नाही.

ग्रोथ हार्मोन नुसतं रक्त काढून का मोजत नाहीत, असं रुग्ण विचारतात. ते रक्तात झटक्याझटक्यानं येतं. निरोगी माणसातही झोपेत, व्यायामानंतर, भीतीनं, सुई टोचल्यावर ते चढतं आणि मधल्या वेळात जवळजवळ शून्य होतं. एका नमुन्यावरून काही ठरवता येत नाही. त्या ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ बनवतं, आणि ते दिवसभर बरंचसं स्थिर राहतं. म्हणून रोग ओळखायला आणि उपचारानंतर पाठपुरावा करायला पहिला मान आयजीएफ-१ ला. ते वयाप्रमाणे उतरत जातं, त्यामुळे विशीतल्या मुलाची मर्यादा चाळिशीतल्या माणसाला लावून चालत नाही. रिपोर्टवर वयाची मर्यादा छापलेली नसेल तर तो आकडा निरुपयोगी समजा.

भावाची सव्वापट ही त्रासदायक मधली जागा आहे. आयजीएफ-१ दुप्पट-तिप्पट असतं आणि चेहरा, हात, पाय सगळं तेच सांगत असतं, तर ग्लुकोज चाचणीची गरजही फारशी उरत नाही. सव्वापटीचे मात्र अनेक अर्थ निघतात. शस्त्रक्रियेनंतर ग्रोथ हार्मोन काही तासांत उतरतं, पण आयजीएफ-१ हळू उतरतं, म्हणून ते निदान बारा आठवड्यांनी मोजतात आणि काही जणांत त्यानंतरही ते महिनोन् महिने खाली येत राहतं. की थोडी गाठ मागे उरली आहे? की प्रयोगशाळा बदलली? शस्त्रक्रियेआधीचा नमुना एका पद्धतीनं मोजला असेल आणि आताचा दुसऱ्या, तर हे दोन आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे नमुने बहुतेक वेळा संकलन केंद्रातून राज्याबाहेर जातात, आणि केंद्र बदललं की मोजणारं यंत्रही बदलतं. आधीचा रिपोर्ट काढून पद्धतीचं नाव ताडून बघा. हे काम तुम्ही घरी बसून करू शकता, आणि डॉक्टरांना त्याची खरोखर मदत होते.

आता ग्लुकोज. निरोगी माणसाला ग्लुकोज पाजलं की साखर वर जाते आणि ग्रोथ हार्मोन खाली दबतं. अ‍ॅक्रोमेगलीच्या गाठीला हा इशारा कळत नाही. साधारण एक तृतीयांश रुग्णांत तर ग्लुकोज प्याल्यावर ग्रोथ हार्मोन उलट वाढतं. चाचणीत रात्रभर उपाशी राहून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं, आणि आधी, मग ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी रक्त द्यायचं. या पाचांतला सर्वांत कमी आकडा महत्त्वाचा. जुन्या पद्धतींत तो लिटरला १ मायक्रोग्रॅमच्या खाली आला की दबला असं मानत. आताच्या संवेदनशील पद्धतींत ०.४ ची रेघ वापरतात, आणि स्थूल माणसात तो त्याहूनही खाली जायला हवा. प्रयोगशाळा मिलिलिटरला नॅनोग्रॅम असं एकक लिहीत असेल तरी आकडा तोच राहतो, घाबरू नका.

ही चाचणी साधी दिसते म्हणून ती कशीही उरकली जाते, आणि त्याची मला चीड आहे. माणूस पहिल्या कदंब बसनं बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात येतो, धावत जिना चढतो आणि लगेच त्याचं रक्त काढतात: त्या शून्य मिनिटाच्या नमुन्यात धावपळीचं आणि सुईचं ग्रोथ हार्मोन असतं. हातात कॅन्युला (शिरेत राहणारी बारीक नळी) आधी लावून निदान अर्धा तास शांत बसवायला हवं. मग पाचही नमुने त्याच कॅन्युलातून. मधल्या दोन तासांत फेऱ्या मारायच्या नाहीत, विडी-सिगरेट नाही, चहा नाही. ग्लुकोज मोजून घ्या. निर्जल ग्लुकोज ७५ ग्रॅम, मोनोहायड्रेट असेल तर ८२.५ ग्रॅम. दुकानात मिळणारा चवीचा, जीवनसत्त्वं घातलेला डबा अंदाजानं चमच्यानं घालू नये. लिंबू पिळलं तर हरकत नाही, ओकारी कमी होते. ओकलंच तर चाचणी रद्द समजून दुसऱ्या दिवशी करावी, अर्धवट आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक नमुन्यात ग्रोथ हार्मोनबरोबर साखरही मोजायला सांगा. साखर वर चढलीच नसेल, तर ग्रोथ हार्मोन दबलं नाही याला काही अर्थ राहत नाही.

मधुमेहाचा तुमचा प्रश्न गोव्यात खास महत्त्वाचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. त्यामुळे अ‍ॅक्रोमेगलीच्या माणसाला मधुमेह झाला तर घरच्यांनाच काय, डॉक्टरांनाही त्यात वावगं वाटत नाही, आणि मूळ रोग वर्षानुवर्षं लपून राहतो. वास्तविक ग्रोथ हार्मोन इन्सुलिनला विरोध करतं, म्हणून हा मधुमेह कित्येकदा रोगाचाच भाग असतो. जाता जाता सांगतो: अशा रुग्णाच्या घरच्यांना मी चवथीचे (गणेश चतुर्थीचे) जुने फोटो आणायला सांगतो. गणपतीवर बांधतात त्या माटोळीखाली दर वर्षी त्याच जागी उभं राहून काढलेले फोटो ओळीनं लावले की जबडा, नाक, भुवईचं हाड कोणत्या वर्षापासून बदलू लागलं ते घरच्यांनाच दिसतं. रोज समोर असणाऱ्या माणसाचा इतका सावकाश बदल डोळ्यांना दिसत नाही.

एचबीए१सी ७.४ असलेल्या माणसाला एकदा ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानं इजा होत नाही. काही तास साखर चढेल, मग उतरेल. त्या सकाळी मधुमेहाच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, चाचणी संपल्यावर जेवणाबरोबर घ्यायच्या. मात्र उपाशीपोटीची साखरच २०० च्या पुढे असेल तर मी चाचणी पुढे ढकलतो. कारण केवळ धोक्याचं नाही. साखर बेताल असली की ग्रोथ हार्मोन रोग नसतानाही नीट दबत नाही, आणि दुसऱ्या बाजूनं यकृत आयजीएफ-१ कमी बनवतं. म्हणजे एक चाचणी रोग नसताना रोग दाखवते, दुसरी असलेला झाकते. आधी साखर आटोक्यात, मग चाचणी. आणखी एक सूचना: शस्त्रक्रिया यशस्वी झाली की ग्रोथ हार्मोन उतरतं आणि मधुमेहाच्या गोळ्यांची गरज घटते. भाऊ ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच मात्रेत घेत असेल आणि दुपारी घाम, थरथर होत असेल, तर ते अंगात अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका, साखर मोजा. कॉर्टिसोल कमी असेल तर अशी साखर आणखी खोल उतरते.

या चाचणीचा निकाल काहीही आला तरी घाई नको. ग्रोथ हार्मोन ०.४ च्या खाली दबलं आणि आयजीएफ-१ सव्वापटच राहिलं, तर मी तीन महिने थांबून त्याच प्रयोगशाळेत आयजीएफ-१ पुन्हा मोजतो. शस्त्रक्रियेनंतर हे दोन आकडे एकमेकांशी न जुळणं नवीन नाही. १ च्या वर राहिलं तर एमआरआय बघून पुढचे उपचार: पुन्हा शस्त्रक्रिया शक्य आहे का, ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची महिन्याची इंजेक्शनं, आणि आयजीएफ-१ इतकं थोडंसंच वाढलेलं असेल तर कॅबरगोलिनची गोळी, जी या सगळ्यांत स्वस्त आहे आणि अशा सौम्य रुग्णांत काम करू शकते. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइड सुरू झाल्यावर ग्लुकोज चाचणीचा उपयोग उरत नाही, आणि पेग्विसोमंट हे औषध घेणाऱ्यात ग्रोथ हार्मोन मोजूच नये, फक्त आयजीएफ-१.

आता टीआरएच. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला आनंद झाला, कारण त्यामागे या शास्त्रातला फार सुंदर भाग आहे. टीआरएच हे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं, टीएसएचला चेतवणारं हार्मोन. १९६९ मध्ये रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांच्या दोन प्रतिस्पर्धी गटांनी त्याची रचना उलगडली, एकानं मेंढ्यांच्या आणि दुसऱ्यानं डुकरांच्या मेंदूचे लाखो तुकडे वापरून. १९७७ चं नोबेल त्या दोघांना आणि रक्तातलं हार्मोन मोजण्याची पद्धत देणाऱ्या रोझलिन यॅलो यांना मिळालं. टीआरएच हाती आल्यावर १९७० च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट दिसली: निरोगी माणसाला ते दिलं तर ग्रोथ हार्मोन हलत नाही, पण अ‍ॅक्रोमेगलीच्या निम्म्या किंवा त्याहून जास्त रुग्णांत ते उसळी मारतं. गाठीच्या पेशींवर टीआरएचला प्रतिसाद देणारे ग्राही (रिसेप्टर) उगवलेले असतात, जे तिथं नसायला हवेत. काही रुग्णांत एलएच-एफएसएच चेतवणाऱ्या जीएनआरएचनंही असंच होतं. शस्त्रक्रियेनंतर ही उलटी उसळी गेली तर गाठ पूर्ण निघाली, राहिली तर पेशी उरल्या, असं मानून बरीच वर्षं ही चाचणी केली गेली. तुम्ही वाचलंत ते तिथून आलं असावं.

ती मागे पडली याची कारणं पक्की आहेत. ज्यांच्यात शस्त्रक्रियेआधी उसळी नव्हती त्यांच्यात नंतर ती नसण्याला अर्थ नाही, आणि तुमच्या भावाची आधीची चाचणी कुणी केलेली नाही. उसळी हे फक्त या रोगाचं लक्षणही नाही: यकृत किंवा मूत्रपिंड निकामी झालेल्यांत, बेताल मधुमेहात, नैराश्यात, कुपोषणात, वाढत्या मुलांतही ती दिसू शकते. आणि आयजीएफ-१ व ग्लुकोज मिळून जे सांगतात त्यापलीकडे ती फारसं सांगत नाही. इंजेक्शननंतर काही मिनिटं चेहरा तापणं, मळमळ, लघवीची घाई हे सोसण्यासारखं असतं. पण मोठी गाठ असलेल्यांत टीआरएच, जीएनआरएच आणि इन्सुलिन एकत्र देऊन केलेल्या चाचण्यांनंतर गाठीत अचानक रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. विरळा आहेत, पण त्यात दृष्टी जाऊ शकते. जिचा निकाल उपचार बदलणार नाही, अशी चाचणी मोठ्या गाठीच्या माणसावर मी करणार नाही. कुठल्या पॅकेजमध्ये 'संपूर्ण पिट्यूटरी उत्तेजन' म्हणून ती दिसली तर स्पष्ट नको म्हणा.

ग्रोथ हार्मोनला खरोखर चेतवणारं हार्मोन, जीएचआरएच, १९८२ मध्ये मिळालं तेही अ‍ॅक्रोमेगलीच्या रुग्णांकडूनच. त्यांच्या स्वादुपिंडातली गाठ ते बनवत होती आणि बिचारी पिट्यूटरी त्याच्या सांगण्यावरून सुजत होती. असे रुग्ण शंभरात एखादाही नसतो, पण एमआरआयवर नेमकी गाठ न दिसता सगळी ग्रंथीच फुगलेली दिसली, तर छाती आणि पोटाचा स्कॅन करण्यामागे हेच कारण असतं.

आता कॉर्टिसोल, ज्याबद्दल मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे. ग्रोथ हार्मोन थोडं जास्त राहिलं तर नुकसान वर्षांच्या हिशेबानं होतं. कॉर्टिसोल कमी असेल आणि कुणाला माहीत नसेल, तर एका तापात, एका जुलाबात, दात काढण्याच्या साध्या शस्त्रक्रियेत माणूस कोसळू शकतो.

जे इंजेक्शन देणार आहेत ते एसीटीएच आहे. ते पिट्यूटरीवर कामच करत नाही, अ‍ॅड्रिनलवर करतं. म्हणून उरलेली गाठ त्यानं वाढण्याचा प्रश्न येत नाही. मग पिट्यूटरीची ताकद त्यातून कशी कळते? पिट्यूटरीनं एसीटीएच पाठवणं थांबवलं की अ‍ॅड्रिनल हळूहळू आकसते. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) पाटाचं पाणी तोडलं तर पोफळी दुसऱ्या दिवशी सुकत नाहीत, काही आठवड्यांनी सुकतात. अ‍ॅड्रिनलचंही तसंच. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चार-सहा आठवड्यांत ही चाचणी फसवी असते: एसीटीएच बंद झालेलं असूनही अ‍ॅड्रिनल जुन्या ताकदीवर उत्तम प्रतिसाद देते. पाच महिन्यांनी करताय ती वेळ योग्य आहे.

आधी सकाळी आठ-नऊच्या दरम्यान नुसतं कॉर्टिसोल बघतात. डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता उघड आहे, इंजेक्शनची गरज नाही. १५ च्या वर असेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नाही. मधला पट्टा मोठा आहे, आणि बहुसंख्य माणसं त्यातच सापडतात. त्यांच्यासाठी इंजेक्शन. परदेशी पुस्तकांत सिनॅक्थेन २५० मायक्रोग्रॅम देऊन ३० आणि ६० मिनिटांनी कॉर्टिसोल मोजायला सांगितलेलं असतं. ते आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून भारतात बऱ्याच ठिकाणी अ‍ॅक्टन प्रोलाँगेटम हे दीर्घकाळ काम करणारं एसीटीएच २५ युनिट स्नायूत देऊन एका तासानं कॉर्टिसोल बघतात. रिपोर्टमध्ये हे नाव दिसलं तर चुकीचं औषध दिलं असं समजू नका. १८ च्या वर गेलं तर अ‍ॅड्रिनल समर्थ, ही जुन्या मोजणीची रेघ. नव्या, अधिक नेमक्या पद्धतींत ती १४-१५ च्या आसपास येते. १६ आलं म्हणून एक डॉक्टर नापास म्हणतील, दुसरे पास, आणि दोघेही आपापल्या पद्धतीपुरते बरोबर असू शकतात. म्हणून इथंही पद्धतीचं नाव हवं.

गोळीचं असं: हायड्रोकॉर्टिसोन रक्तात कॉर्टिसोल म्हणूनच मोजलं जातं. आदल्या दुपारची ५ मिलिग्रॅम नेहमीप्रमाणे घ्यायची. चाचणीच्या सकाळची १० मिलिग्रॅम खिशात ठेवायची आणि शेवटचं रक्त देताक्षणी तिथंच घ्यायची, घरी जाऊन नव्हे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर त्यांचं ऐका. त्या सकाळी ताप, उलटी, चक्कर असेल तर गोळी घ्या आणि चाचणी रद्द करा. ही गोळी सगळ्या फार्मसींत नसते, विशेषतः आतल्या गावांत, म्हणून महिन्याभराचा साठा घरी ठेवावा.

दोन्ही चाचण्या एकाच दिवशी उरकून टाकाव्यात असं वाटणं साहजिक आहे, फेरी वाचते. मी मात्र वेगळ्या दिवशी करतो, आणि कॉर्टिसोलची आधी. तिच्या निकालावर माणसाची रोजची सुरक्षा ठरते, ग्रोथ हार्मोनचा निकाल आठवड्यानं आला तरी चालतो. ग्लुकोजच्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

इन्सुलिन देऊन साखर मुद्दाम ४० च्या खाली नेण्याची चाचणीही पुस्तकांत दिसेल. ती कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोन दोन्हींची ताकद एकदम दाखवते आणि एके काळी तिलाच शेवटचा शब्द मानत. अ‍ॅक्रोमेगलीत हृदयाचा स्नायू जाड झालेला असू शकतो, रक्तदाब असतो, आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्यानं मात्राही नेहमीपेक्षा जास्त लागते. तुमच्या भावाला तिची गरज नाही. ग्रोथ हार्मोनची ताकद चेतवून बघण्याची वेळ येते ती रोग पूर्ण बरा झाल्यावर किंवा किरणोपचारानंतर काही वर्षांनी, जेव्हा आयजीएफ-१ उलट फार खाली जातं आणि माणूस सारखा थकलेला असतो. तेव्हाही मी ग्लुकागॉनची चाचणी पसंत करतो. तीन-चार तास लागतात, मळमळ होते, पण साखर इतकी खाली न्यावी लागत नाही. किरणोपचार झालेल्यांत जीएचआरएच वापरून केलेल्या चाचणीवर भरवसा नको: किरणांची इजा बहुधा आधी हायपोथॅलॅमसला होते, आणि ती चाचणी थेट पिट्यूटरीला चेतवून तिला निरोगी ठरवते.

थायरॉइड आणि लैंगिक हार्मोनसाठी उत्तेजन लागत नाही. फ्री टी४ बघा, कारण पिट्यूटरीच्या रोगात टीएसएच नॉर्मल दिसूनही थायरॉइड कमी असू शकतं, आणि फक्त टीएसएचचा रिपोर्ट आणून सगळं ठीक आहे असं सांगितलं जातं. थायरॉक्सिन सुरू करायचं झालं तर कॉर्टिसोलचा निकाल लागल्यावरच, नाहीतर अपुरं कॉर्टिसोल आणखी वेगानं खर्च होतं. टेस्टोस्टेरॉन सकाळी उपाशीपोटी, आणि कमी आलं तर पुन्हा एकदा. प्रोलॅक्टिन एकदा बघून ठेवावं, काही गाठी तेही बनवतात.

आणखी एक, आजकाल फार आढळणारी गोष्ट. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत बायोटिनचाच वापर करून हार्मोन पकडतात, आणि रक्तात ते भरपूर असलं की ग्रोथ हार्मोन खोटं कमी तर कॉर्टिसोल खोटं जास्त दिसू शकतं. म्हणजे गाठ उरलेली असताना बरा झाला असं दिसेल, आणि अ‍ॅड्रिनल रिकामी असताना गोळी बंद करा असं. दोन्ही चुका खोटा दिलासा देणाऱ्या. भाऊ असं काही घेत असेल तर निदान तीन दिवस आधी थांबवा आणि रक्त घेणाऱ्याला सांगा. घरातल्या स्त्रीला हीच चाचणी असती तर मी गर्भनिरोधक गोळ्यांबद्दलही विचारलं असतं. त्यातल्या इस्ट्रोजेननं कॉर्टिसोल फुगतं आणि आयजीएफ-१ घटतं.

एसीटीएच हार्मोन स्वतः मोजायचं असेल तर नमुना बर्फात ठेवून लगेच वेगळा करावा लागतो, म्हणून ते गावच्या संकलन केंद्रात न देता मोठ्या इस्पितळात द्या. खर्चाचं बोलायचं तर गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा कार्डात यातलं काय बसतं ते काउंटरवर आधी विचारून ठेवा.

निकाल येईपर्यंत भावाच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: पिट्यूटरीची शस्त्रक्रिया झाली आहे, हायड्रोकॉर्टिसोन चालू आहे, बेशुद्ध किंवा उलट्या होत असतील तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन ताबडतोब द्यावं. साधा ताप असेल तर उतरेपर्यंत गोळी दुप्पट, जास्त असेल तर तिप्पट, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गोळी पोटात राहत नसेल, म्हणजे अर्ध्या तासात उलटून पडत असेल, तर घरी पेज पाजत सकाळची वाट बघू नका. साखळीचं किंवा डिचोलीचं सरकारी आरोग्य केंद्र जवळ आहे, नाहीतर १०८ बोलवा. चिठ्ठी दाखवा, इंजेक्शन आधी मागा, बांबोळीला न्यायचं की नाही हे त्यानंतर ठरवा. चाचणीत पास होऊन गोळी बंद झाली तरी पहिलं वर्षभर ही चिठ्ठी पाकिटातच राहू द्या, आणि दात काढायचा असो की हर्नियाची शस्त्रक्रिया, आधी तुमच्या एंडोक्रिनॉलॉजिस्टना विचारा.